सुखोई डोक्यावरून गेलं तर अतिनील किरण अंगावर पडतात का? खरा विषय क्षेपणास्त्राचा आहे

खराडीत नवीन राहायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो. सुखोईचा आवाज आला की तो मोबाईल घेऊन गॅलरीत पळतो. जुना माणूस फोनवरचं बोलणं तेवढं थांबवतो आणि आवाज लांब गेला की "हां, बोल आता" म्हणतो. शेजारीच लोहगाव. एकाच तळावरून प्रवासी विमानंही उडतात आणि हवाई दलाची लढाऊ विमानंही. १९९७ मध्ये भारतातली पहिली सुखोई-३० इथेच दाखल झाली आणि २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआयचा श्रीगणेशाही इथूनच झाला. त्यामुळे या भागात विमानांवर मतं सगळ्यांचीच असतात.

तर झालं असं की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. विमान आणि क्षेपणास्त्राच्या मागून जी आग निघते, तिच्यातून अतिनील किरण बाहेर पडतात, म्हणजे इंग्रजीतले यूव्ही. खाली एका काकूंचा प्रश्न होता, "मग रोज आपल्या डोक्यावरून जातात त्याचं काय? मुलांना टेरेसवर सोडायचं की नाही?"

ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, सगळं खोटं आहे. दुसरीचं म्हणणं, सरकार लपवतंय. गंमत म्हणजे मेसेजमधली मूळ गोष्ट खोटी नाही. चुकली ती भीती. विमानाच्या आगीतून येणारे अतिनील किरण इतके किरकोळ असतात की तुमच्या कातडीला त्याचा पत्ताही लागत नाही. क्षेपणास्त्राच्या आगीतून मात्र ते मोजता येतील इतके येतात आणि त्या किरणांवर आज आपल्या वैमानिकांचे जीव अवलंबून आहेत. टेरेसच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ. आधी ही आग समजून घेऊ.

आयुकाला दुर्बीण १५ लाख किलोमीटर लांब का पाठवावी लागली?

अतिनील म्हणजे जांभळ्या रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तो नॅनोमीटरमध्ये मोजतात. ४०० च्या खाली गेलात की अतिनील सुरू होतो. ३१५ ते ४०० हा पहिला पट्टा, त्याला यूव्ही-ए म्हणतात. २८० ते ३१५ हा यूव्ही-बी, उन्हात कातडी भाजते ती मुख्यतः याच्यामुळे. आणि २८० च्या खालचा यूव्ही-सी, सगळ्यात घातक.

हा यूव्ही-सी सूर्यातून भरपूर निघतो, पण जमिनीपर्यंत पोहोचत नाही. वर ओझोनचा थर आहे, तो त्याला गिळून टाकतो. थर म्हटल्यावर आपल्याला जाडजूड गोधडी वाटते. प्रत्यक्षात आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर पसरला तर जेमतेम ३ मिलिमीटर जाडी भरेल. हा ओझोन किती उंचीवर किती आहे हे मोजणारे फुगे सोडण्याचं काम हवामान खात्याने ज्या मोजक्या ठिकाणांहून केलं, त्यात पुणं आहे.

या तीन मिलिमीटरचा त्रास पुण्यातल्या शास्त्रज्ञांना चांगलाच झाला. आयुका या विद्यापीठ आवारातल्या संस्थेच्या पुढाकारातून सूट नावाची दुर्बीण तयार झाली. तिचं काम एकच, २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याचे फोटो काढायचे. जमिनीवरून ते जमणं शक्य नाही, कारण त्यातला मोठा भाग खाली येतच नाही. म्हणून ती आदित्य-एल१ या यानावर बसवली. २ सप्टेंबर २०२३ ला यान उडालं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावलं, आणि तिथून सूर्य अतिनीलमध्ये दिसला.

आता हीच गोष्ट उलटी करून बघा. २८० च्या खालच्या प्रकाशात खाली उभं राहून आकाश पाहिलं तर काय दिसेल? भर दुपारी बारा वाजता काळाकुट्ट अंधार. सूर्यच नाही. आणि त्या अंधारात कुठे एक ठिपका चमकला, तर तो सूर्याचा नाही एवढं नक्की. काहीतरी जळतंय, नाहीतर कुठेतरी ठिणगी उडतेय. तंत्रज्ञ या पट्ट्याला सूर्यासाठी आंधळा पट्टा म्हणतात. क्षेपणास्त्र शोधणाऱ्यांना नेमका हाच अंधार हवा असतो.

मग सुखोईची आग काय करते?

कुठलीही तापलेली वस्तू प्रकाश टाकते. किती आणि कोणत्या रंगाचा, हे तापमानावर ठरतं. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी तांबडं होतं, मग पिवळं, मग पांढरट. तापमान जितकं जास्त, तितका प्रकाश जांभळ्या बाजूला सरकतो.

आफ्टरबर्नर बंद असताना जेट इंजिनाच्या मागून निघणारा वायू साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. आपल्याला हे भयंकर वाटतं, पण अतिनीलच्या हिशोबात हे थंडगार आहे. भौतिकशास्त्रातलं प्लँकचं सूत्र वापरून आकडेमोड केली तर १००० केल्विनच्या आदर्श तप्त वस्तूच्या एकूण प्रकाशातला २८० नॅनोमीटरच्या खालचा वाटा निघतो एकावर अठरा शून्यांत एक. तांदळाच्या दाण्याची उपमा द्यायला गेलो तर पोती पुरणार नाहीत. थोडक्यात, शून्य.

आफ्टरबर्नर लावला की गोष्ट थोडी बदलते. तेव्हा इंजिनाच्या शेपटात थेट इंधन फवारून पेटवतात, आग बरीच तापते, आणि ज्वाळेत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे अर्धवट कण तयार होतात. हे कण ३०९ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःची चमक सोडतात. पण हे काही सुखोईचं खास नाही. तुमच्या गॅस शेगडीच्या निळ्या ज्योतीतही हेच चालू असतं. बाजारात आग ओळखणारे अतिनील सेन्सर मिळतात, ते पाच मीटरवरच्या साध्या लायटरची ज्योतही पकडतात. बॉयलर, पेंट शॉप, विमानांचे हँगर अशा ठिकाणी ते बसवलेले असतात. लायटरमधून अतिनील येतो म्हणून आपण लायटर लावताना टोपी घालत नाही. सुखोईची ज्वाळा लायटरपेक्षा खूप मोठी हे खरं, पण ती असते शेकडो मीटर वर, आणि काही सेकंदांत लांब निघून जाते. त्याच वेळी डोक्यावर जो सूर्य तळपत असतो, त्याच्यापुढे ती कुठेच लागत नाही.

(विमानामागे दिसणारी पांढरी रेघ हा आणखी एक ग्रुपचा लाडका विषय. ती इंजिनातल्या वाफेचा गोठून झालेला बर्फ असतो. तिचा अतिनीलशी काही संबंध नाही. पुढे जाऊ.)

क्षेपणास्त्राचं इंधन म्हणजे दिवाळीचं झाड

दिवाळीत आपण भुईनळा लावतो. त्यातून पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचं झाड उठतं. ती पांढरी चमक धातूच्या भुकटीची असते, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची. क्षेपणास्त्रांच्या आणि रॉकेटच्या घन इंधनातही हीच भुकटी असते. रबरासारखा एक चिकट पदार्थ, ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियम, हे मळून त्याचा घट्ट गोळा करतात. या विषयात पुण्याचं नाव मोठं आहे. सुतारवाडीची एचईएमआरएल, म्हणजे डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, हेच काम करते. पाषाणच्या एआरडीईने विकसित केलेल्या पिनाका रॉकेटच्या इंधनामागेही हीच प्रयोगशाळा आहे. पाषाण रोडवरून जाताना नुसती भिंत दिसते, आत काय शिजतं ते दिसत नाही, एवढंच.

हे इंधन पेटल्यावर आत ३००० केल्विनच्या वर तापमान जातं. मगाचाच हिशोब ३००० केल्विनला केला तर २८० च्या खालचा वाटा होतो साधारण एक लाखात तीन. एक लाखात तीन म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण अठरा शून्यांवरून आपण इथे आलोय. तापमान तिप्पट झालं आणि वाटा अब्जावधी पटींनी वाढला. अतिनीलचं गणित असंच आहे, थोडं तापमान वाढलं की वाटा बेफाम वाढतो.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. ॲल्युमिनियम जळून त्याच्या ऑक्साइडचे बारीक तापलेले कण बाहेर फेकले जातात आणि ते बाहेर आल्यावरही चमकत राहतात. शिवाय इंधनातला सगळा माल आत जळत नाही. उरलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेरच्या हवेत येतात, ऑक्सिजन मिळतो, आणि शेपटीमागे दुसऱ्यांदा पेटतात. या दुसऱ्या आगीत रासायनिक क्रियेतूनच अतिनील चमक निघते, त्यासाठी फार तापमानाचीही गरज नसते.

क्षेपणास्त्र बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून काही क्षेपणास्त्रांत ॲल्युमिनियम कमी करतात किंवा काढूनच टाकतात. धूर कमी दिसतो, चमकही मंदावते. पण ॲल्युमिनियम काढलं की इंधनाचा जोरही कमी होतो. पूर्ण लपून जोरात धावता येत नाही.

२८ मे १९९९

इथपर्यंत विज्ञान झालं. आता हे कोणाला आणि का लागतं ते बघू.

विमानावर मारा करणारी क्षेपणास्त्रं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक रडारवर चालणारी. त्यांच्यासाठी कोणालातरी रडारचे किरण विमानावर टाकावेच लागतात, आणि विमानातला रडार वॉर्निंग रिसीव्हर ते ऐकून वैमानिकाला सावध करतो. मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सशी सुखोईसाठी डीआर-११८ नावाच्या अशाच रिसीव्हरचा करार केला.

दुसरी उष्णतेवर चालणारी. खांद्यावरून डागायची छोटी क्षेपणास्त्रं बहुतेक याच जातीतली. अमेरिकेचं स्टिंगर, रशियाचं इग्ला, पाकिस्तानचं अन्झा. ती स्वतः काहीच सोडत नाहीत, फक्त इंजिनाची उष्णता बघत येतात. रडार रिसीव्हरला ऐकायला काही नसतं. कानात शांतता आणि मागे मृत्यू, असा तो प्रकार.

कारगिलमध्ये याची किंमत आपण मोजली. २६ मे १९९९ ला हवाई दल युद्धात उतरलं. २७ मे ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचं मिग-२७ इंजिन बंद पडून कोसळलं. त्यांना शोधायला थांबलेल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-२१ वर खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र आदळलं. आहुजा परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, २८ मे ला, तोलोलिंगच्या भागात मारा करायला गेलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरपैकी एक स्टिंगरने पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पीव्हीएनआर प्रसाद आणि सार्जंट राजकिशोर साहू, चौघेही गेले. पाडलं गेलेलं हे हेलिकॉप्टर त्या तुकडीतलं असं होतं, ज्यावर फ्लेअर फेकण्याची यंत्रणा नव्हती.

फ्लेअर म्हणजे एअर शोमध्ये विमानाच्या मागून फुलबाज्यांसारखे पडतात ते जळते गोळे. मॅग्नेशियम आणि टेफ्लॉनचं मिश्रण असतं. ते इंजिनापेक्षा जास्त तापतात, मागे लागलेलं क्षेपणास्त्र त्यांच्याकडे वळतं. निदान वळावं अशी अपेक्षा असते. या घटनेनंतर एमआय-१७ ला हल्ल्याच्या कामातून मागे घेतलं आणि लढाऊ विमानं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वरून मारा करायला लागली.

पण फ्लेअर असून तरी भागतं का? ते कधी सोडायचे, हा खरा प्रश्न आहे. खांद्यावरचं क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण ६०० मीटर कापतं. तीन किलोमीटरवरून डागलं तर तुमच्याकडे पाच सेकंद आहेत. मागून येत असेल तर वैमानिकाला ते दिसणारही नाही. मग अंदाजाने, धोक्याच्या भागात शिरताना फ्लेअर सोडत राहायचे. साठा मर्यादित, तो संपला की हात रिकामे.

इथे अतिनील कामाला येतो. क्षेपणास्त्र बाकी सगळं लपवेल, पण स्वतःच्या शेपटीची आग कुठे लपवणार? हेलिकॉप्टरच्या चारही बाजूंना सेन्सर लावायचे, ते सूर्यासाठी आंधळ्या पट्ट्यात टक लावून बघत राहतात. काळ्या पडद्यावर ठिपका उमटला, तो मोठा होत जातोय आणि दिशा बदलत नाही, म्हणजे तो आपल्याकडेच येतोय. यंत्र वैमानिकाला विचारत बसत नाही, त्या बाजूचे फ्लेअर आपोआप सोडतं. हे सेन्सर एकेक फोटॉन मोजण्याइतके नाजूक असतात. म्हणून तर लाखात तीनसुद्धा पुरतात.

भारतात ही यंत्रणा आहे. एचएएलच्या रुद्र आणि प्रचंड हेलिकॉप्टरवर स्वीडिश साब कंपनीचा स्वसंरक्षण संच बसवला गेला, त्यातले क्षेपणास्त्र ओळखणारे सेन्सर अतिनीलवर चालतात. अमेरिकेकडून घेतलेल्या अपाचे हेलिकॉप्टरच्या इशारा यंत्रणेचे डोळेही अतिनीलचेच. आणि ७ एप्रिल २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर २,३८५ कोटींचा करार केला, एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टरवर इलेक्ट्रॉनिक युद्धाचे संच बसवण्यासाठी. अशा संचाचं काम म्हणजे रडार ऐकणं, येणारं क्षेपणास्त्र ओळखणं आणि फ्लेअर-चॅफ सोडणं. बातमी एका दिवसात खाली सरकली, कारण आकडा राफेलएवढा नव्हता. पण एमआय-१७ हे नाव आणि मे १९९९ शेजारी ठेवून वाचलं की २६ वर्षं हा आकडाच जास्त बोचतो.

चॅफ शब्द आलाच आहे तर सांगून टाकतो. ती रडारला फसवणारी बारीक तंतूंची पिचकारी. ऑगस्ट २०२१ मध्ये डीआरडीओने हवाई दलासाठी चॅफचं नवं काडतूस जाहीर केलं, ते जोधपूरच्या प्रयोगशाळेने आपल्या सुतारवाडीच्या एचईएमआरएलसोबत तयार केलं होतं.

वेल्डिंगवाला आणि क्षेपणास्त्र

या सेन्सरची एक अडचण खराडीकरांना पटकन समजेल. आपल्याकडे एकही रस्ता असा नाही जिथे एखादी बिल्डिंग उभी राहत नाहीये. संध्याकाळी उशिरापर्यंत कुठल्यातरी मजल्यावर निळसर पांढरं लखलखत असतं. ते वेल्डिंग.

वेल्डिंगचा आर्क हजारो अंशांवर असतो आणि त्यातून यूव्ही-सी भरभरून निघतो. अगदी २०० नॅनोमीटरपर्यंतचा. म्हणजे शहरावरून खालून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या सेन्सरला खराडीसारखा भाग कसा दिसत असेल याची कल्पना करा. अंधारात दहा-वीस ठिकाणी लुकलुकणारे ठिपके. हाय टेन्शन तारांवरची ठिणगीही त्याच पट्ट्यात चमकते, म्हणून वीज कंपन्या असेच कॅमेरे वापरून खराब इन्सुलेटर शोधतात. यातला कुठला ठिपका क्षेपणास्त्र आणि कुठला ग्रिलवाला, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहिणं हीच या यंत्रणेची खरी कारागिरी आहे. प्रत्येक ठिणगीला घाबरून फ्लेअर सोडले, तर पाच मिनिटांत साठा संपेल आणि जळते गोळे वस्तीवर पडतील ते वेगळंच.

आता उलटा डाव

हा भाग मला सगळ्यात आवडतो. अतिनील बघून विमान वाचवता येतं, तसंच अतिनील बघून विमान पाडताही येतं.

आधी म्हटलं की विमानाच्या आगीत अतिनील जवळपास नसतो. पण आकाशात असतो. ३०० नॅनोमीटरच्या वरचा अतिनील ओझोनमधून गळून खाली येतो आणि हवेत विखुरतो. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने ते अतिनीलमध्येही उजळ दिसतं. त्या उजळ पडद्यावर विमान म्हणजे एक काळी सावली. पांढऱ्या भिंतीवर पाल दिसावी तशी.

स्टिंगरच्या सुधारित आवृत्त्यांमध्ये, १९८० च्या दशकापासून, असा दुहेरी डोळा आला. एक उष्णता बघतो, दुसरा अतिनील. विमान उष्णतेत उजळ आणि अतिनीलमध्ये काळं दिसतं. फ्लेअर मात्र दोन्हीत उजळ, कारण तो फार तापलेला असतो. क्षेपणास्त्र मनाशी म्हणतं, हा दोन्हीकडे चमकतोय म्हणजे हा नाटक करतोय, याला सोडा. फ्लेअरची युक्ती तिथेच संपते. आपल्या हवाई दलाच्या अपाचे हेलिकॉप्टरसाठीही स्टिंगर घेतलेली आहेत, म्हणजे हा डाव आता दोन्ही बाजूंना माहीत आहे.

मग अतिनील सेन्सर लावले की झालं?

नाही. आणि इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण संरक्षण खरेदीच्या बातम्यांमध्ये प्रत्येक नवी वस्तू कवचकुंडलं असल्यासारखी मांडली जाते.

अतिनील सेन्सर काही किलोमीटरपर्यंतच बघतो. जमिनीजवळच्या हवेतही थोडा ओझोन असतो, हवा स्वतःही हे किरण विखुरते, लांबची चमक वाटेतच विरते. दुसरं म्हणजे तो आग बघतो. क्षेपणास्त्राची मोटर जळून संपली आणि ते नुसतं वेगाच्या जोरावर येत असेल, तर सेन्सरच्या लेखी ते गायब. खूप उंचावर हवा विरळ असते, मगाशी सांगितलेली शेपटीमागची दुसरी आगही तिथे मंदावते. तिसरं, तो दिशा सांगतो, अंतर सांगत नाही.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानने चिनी बनावटीचं पीएल-१५ वापरलं. त्याचे अवशेष पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात सापडले आणि १२ मे ला एअर मार्शल ए. के. भारती यांनी पत्रकार परिषदेत ते दाखवले. हे लांब पल्ल्याचं, रडारवर चालणारं क्षेपणास्त्र. ते डागलं जातं तेव्हा अतिनील सेन्सरच्या टप्प्याच्या कितीतरी बाहेर असतं. अशा लढाईत लढाऊ विमानाला अवरक्त, म्हणजे उष्णता बघणारे दोन पट्ट्यांचे सेन्सर आणि चांगला रडार रिसीव्हर जास्त उपयोगी. अवरक्त सेन्सर लांबचं बघतो, मोटर विझल्यावरही क्षेपणास्त्राचं तापलेलं नाक त्याला दिसू शकतं. पण त्याला थंड ठेवावं लागतं, तो महाग असतो, आणि तापलेली जमीन, पत्रे, ढगांच्या कडा यांत गोंधळतो.

माझं मत विचाराल तर, जमिनीलगत उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी आणि मालवाहू विमानांसाठी अतिनील सेन्सर हा आजही सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचा खर्च आहे. त्यांना मारणारं क्षेपणास्त्र जवळूनच येतं, पेटलेलंच येतं. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंड हेलिकॉप्टरसाठी ६२,७०० कोटींचे करार झाले. त्यातली ९० लष्कराची, ६६ हवाई दलाची. बातम्यांमध्ये त्यांच्या तोफा आणि रॉकेटवर ग्राफिक्स निघाले. त्यांच्या अंगावरचे डोळे किती देशी असतील, त्यातला खोट्या इशाऱ्यांचा प्रोग्रॅम कोणाच्या हातात असेल, यावर फारशी चर्चा झाली नाही. आपल्या वेल्डिंगवाल्याला आणि शत्रूच्या क्षेपणास्त्राला वेगळं ओळखणारं गणित बाहेरून विकत आणलं, तर ते बदलायलाही बाहेरच जावं लागतं.

राहिला टेरेसचा प्रश्न

मी ग्रुपवर जमेल तसं लिहिलं. सुखोईमुळे मुलांना काही होत नाही. आवाजाचा त्रास होतो, तो वेगळा विषय आणि खरा विषय. अतिनीलची भीती असेल तर ती सूर्याची ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात निरभ्र दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ११ पासून पुढे शेवटची, सगळ्यात वाईट पायरी सुरू होते.

आणि दुसरी गोष्ट, समोरच्या साइटवर ग्रिलचं काम चालू आहे तिकडे पोरांना बघत उभं राहू देऊ नका. वेल्डिंगचा उजेड डोळ्यात गेला की लगेच काही वाटत नाही. चार-सहा तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या पडद्याला झालेला तो यूव्हीचा दाह असतो. तिथे काम करणारी पोरं कित्येकदा साधा काळा गॉगल लावून किंवा नुसता हात आडवा धरून टाके मारतात. काच असलेलं हेल्मेट शेजारीच विटांवर पडलेलं असतं, कारण त्यातून नीट दिसत नाही म्हणे.

काकूंचा रिप्लाय आला, "म्हणजे टेरेसवर सोडू ना?"

सोडा, पण साडेचारनंतर.